राजाचा वाटा

सुआलोने दुसऱ्या डुकराच्या पाठीवरून सुरी सरळ खाली ओढली आणि दोन्ही हातांनी ते उघडले. वाफेचा लोट वर आला. पहाटेपासून तापल्या दगडांच्या खड्ड्यात भाजलेले मांस हिरव्या झावळीवर पसरले, तशा शेजारी बसलेल्या बायका पंखे घेऊन माश्या हाकू लागल्या.

"दोन्ही डुकरं?" लाइता म्हणाली. "राजावर इतकं प्रेम कधीपासून रे, सुआलो?"

सुआलोने मान वर केली नाही. "वर्षातून एकदाच येतो वाढदिवस."

"त्याचा खरा वाढदिवस नोव्हेंबरात. जेवण आपलं जूनमध्ये. आणि खोपटात एक डुक्कर ठेवायचं सोडून तू दोन्ही कापतोस. पुढच्या वर्षी काय, शिंपले वाटणार आहेस?"

बायका खिदळल्या. सुआलोही हसला. हसताना त्याचा हात मात्र थांबला आणि सुरी हाडावर अडकली. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी बघू, असे काहीतरी तो पुटपुटला. लाइता नीरफणस सोलायला लागली.

आमच्या बेटावर प्रत्येक घराकडे एकेक काम चालत आलेले आहे. कुणी होड्या बांधतो, कुणी घरांची छपरे शाकारतो. सुआलोच्या घराकडे वाटप. त्याच्या आजोबांनी केले, वडिलांनी केले आणि गेली सव्वीस वर्षे तो करत होता. लग्न असो, मयत असो की राजाचा वाढदिवस, सगळे शिजलेले अन्न बेटाच्या मोठ्या घरात आणायचे, झावळ्यांवर घरटी एक असे वाटे मांडायचे आणि एकेका घराचे नाव पुकारायचे. घरातल्या माणसाने "आहोत" म्हणायचे आणि वाटा उचलायचा. शेवटचे घर "आहोत" म्हणेपर्यंत कुणीही घास तोंडात घालायचा नाही, पोरेसुद्धा नाहीत. आणि शेवटचे घर नेहमी वाटप करणाऱ्याचे असते. त्याने इतरांना सढळ हाताने दिले की स्वतःकडे ओढले, हे त्याच्या स्वतःच्या वाट्यावरून दिसते. सुआलोच्या वाट्याला सव्वीस वर्षे शेपट्या आणि मानेची हाडे आली होती. बोट दाखवायला त्याने कधी जागा ठेवली नव्हती.

फक्त साता समुद्रांपलीकडे राहणाऱ्या आमच्या राजाच्या वाढदिवसाला एक वाटा जास्त मांडतात. तो सगळ्यांच्या आधी पुकारायचा, राजाच्या नावाने. उत्तर पोलीस देतो. बेटावर पोलीस एकच, तो राजाची टोपी घालतो, म्हणून राजाच्या वतीने जेवतोही तोच.

मांस कापून झाल्यावर सुआलो अंग धुवायला घरी गेला. त्याची बायको सेलुता ओट्यावर पाय लांब करून बसली होती. उजव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी होती. साखरेच्या दुखण्याने दोन बोटे गेली होती, तिसऱ्यावर परिचारिकेचे लक्ष होते.

"सांगितलंस?" तिने विचारले.

"आज सांगतो."

"परवा पण आजच म्हणाला होतास. जायची बोट बुधवारी आहे. मंगळवारी रात्री दारोदार फिरून सांगणार आहेस का?"

सुआलोने डोक्यावर पाण्याचे डबडे ओतले. पिंपातले पाणी जपून वापरायचे, ही सवय हाताला होती. आज त्याने दुसरेही डबडे ओतले.

"माझ्या पायाचं नाव सांग ना," सेलुता म्हणाली. "ब्रिस्बेनला लेक आहे, तिथं दवाखाना आहे. कोण काय बोलेल? लोक समजून घेतील."

लोक समजून घेतील, हे त्यालाही ठाऊक होते. अडचण तीच होती. ऑस्ट्रेलियाला जायचा अर्ज त्याने भरला तेव्हा सेलुताचा पाय धडधाकट होता. नातवाचा फोटो फोनवर आला होता, पोरगा पाण्याच्या नळाखाली उभा राहून हसत होता आणि सुआलोला एकदम वाटले होते की आपल्याला जायचे आहे. कुणी ढकलले नव्हते. त्याने बेटाच्या कचेरीत जाऊन, कुणी बघत नाही असे बघून, कारकुनाकडून अर्ज भरून घेतला होता. पाय नंतर दुखायला लागला. त्या पायाने आपल्याला सोडवले, असे एकदा त्याच्या मनात येऊन गेले होते आणि त्या दिवशी तो बायकोच्या नजरेला नजर देऊ शकला नव्हता.

या गोष्टीला वर्ष झाले. वर्षभरात कुणालातरी हाताशी घेऊन वाटप शिकवता आले असते. कुठल्या घरात किती तोंडे, कोण कोणाशी बोलत नाही, कुणाला डोके द्यायचे आणि कुणाला पोट, हे कुठे लिहिलेले नाही, सगळे त्याच्या डोक्यात होते. पण शिकवायला बसला असता तर का शिकवतोस, हे विचारले गेले असते. म्हणून तो गप्प राहिला.

आणि गप्प राहण्याचे खरे कारण लाइता होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लाइताचा मुलगा लोपाती बायकामुलांना घेऊन ऑकलंडला गेला, त्याला तेव्हा वर्ष उलटले होते. त्याच्या घराला कुलूप होते. लाइता शेजारच्या स्वतःच्या घरात राहायची आणि रोज सकाळी मुलाचे अंगण झाडायची. राजाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती सुआलोकडे आली. लोपातीचं नाव पुकार, म्हणाली, तो फोनवर ऐकणार आहे, पोरांनाही ऐकवायचं आहे. वाटा नको, हवं तर एक नारळ ठेव, पण नाव घे.

सुआलोच्या आजोबांचा एक नियम होता: ज्या घराची चूल वर्षभर पेटली नाही त्याला वाटा नाही. आजोबांवर तो नियम वापरायची वेळ कधी आली नव्हती, कारण त्यांच्या काळात असे अख्खे कुटुंब उठून जात नव्हते. सुआलोने तो वापरला. दुसऱ्या दिवशी त्याने लाइताचे घर पुकारले, ती "आहोत" म्हणाली आणि तो पुढच्या घराकडे वळला.

"लोपातीचं राहिलं," लाइता सगळ्यांसमोर म्हणाली.

"त्याची चूल कुठंय?"

"मग राजाची चूल कुठंय इथं? दाखव. त्याचा वाटा तू सगळ्यांच्या आधी मांडलास."

मोठे घर हसण्याने दणाणले. म्हातारा कैतूसुद्धा, बेटाचा मुख्य, तोंडावर पंखा धरून हसला. सुआलोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर त्याच्यावर असे कुणी हसले नव्हते.

"राजा गेला नाही," तो म्हणाला. "तो कधी आलाच नव्हता. गेलेल्याला वाटा नाही."

हसणे थांबले. आणि त्या शांततेत लाइताच्या मांडीवरच्या फोनमधून लोपातीचा आवाज आला. तिकडे त्याला आईचे नाव आणि आपले नाव ऐकू आले असावे, बाकीचे आले नसावे. "आहोत!" तो ओरडला. मागून त्याची पोरेही ओरडली, "आहोत!"

लाइताने फोन उलटा ठेवला. सुआलोने पुढच्या घराचे नाव घेतले.

तेव्हापासून लाइता त्याच्याशी बोलायची, टोमणे मारायची, पहिल्यासारखीच. मुलाचे नाव मात्र तिने त्याच्यासमोर पुन्हा काढले नाही. तिने भांडण केले असते तर बरे झाले असते, असे सुआलोला अलीकडे वाटे.

*

ध्वजवंदन आटोपले. शाळेची पोरे पांढऱ्या सदऱ्यांत चर्चच्या मैदानावरून दोनदा फिरली, पोलीस सियोसीने उन्हात घामाघूम होत सलामी दिली, राजाला दीर्घायुष्य चिंतून झाले. मोठ्या घराच्या खांबावर अजून राजाच्या वारलेल्या आईचा, म्हाताऱ्या राणीचाच फोटो होता. नव्या राजाचा यायचा आहे; गेल्या चार बोटींनी आला नाही. कुणाला त्याची घाई नव्हती. राणीच्या चौकटीला बायकांनी फुलांची माळ घातली होती.

सुआलो वाटे मांडायला लागला. केवड्याच्या पातीच्या चटयांवर घराघरांची माणसे खांबांना टेकून बसली होती आणि मध्ये झावळ्यांच्या दोन रांगा. त्याने आधी नीरफणस आणि अळकुड्या टाकल्या, मग मासा, मग मांस. लाइता सवयीने मागून मोजत होती. ती नेहमीच मोजायची. तिला कुणी सांगितलेले नव्हते आणि कुणी थांबवलेलेही नव्हते.

"चाळीस घरं आणि राजा. एक्केचाळीस," ती म्हणाली. "बरोबर आहेत. आणि हे काय, शेवटच्यावर मांडीचं मांस? म्हातारपणी हावरा झालास की काय?"

"मोजून झालं ना? बस जाऊन."

"बसते बाबा."

तो राजाच्या वाट्याजवळ उभा राहिला. त्याने घसा साफ केला. वाटप पुकारायचा एक वेगळा आवाज असतो, लांबवरच्या होडीला हाक मारावी तसा. तो त्याच्या वडिलांकडून आला होता.

"राजाचं घर!"

"आहोत," सियोसी टोपी काढून म्हणाला. पोरे हसली, दरवर्षी हसतात तशी.

"कैतूचं घर!"

"आहोत."

एकेक नाव पुढे सरकत गेले. सुआलोला प्रत्येक आवाज ओळखीचा होता. पुढच्या वर्षी ही नावे कोण घेईल, हे त्याला माहीत नव्हते आणि दर नावाबरोबर ते जास्त जड होत गेले. एका घरात नवे बाळ होते, त्या वाट्यावर त्याने एक मासा जास्त ठेवला होता. त्या बाईच्या ते लक्षात आले आणि तिने मान डोलावली. तिच्याकडे बघणे त्याने टाळले.

लाइताचे घर आले. "आहोत," ती म्हणाली आणि उठली. वाटा उचलून ती जागेवर जाऊन बसली. आणखी पंधरा घरे झाली. रांगेत शेवटचा एक वाटा उरला, मांडीच्या मांसाचा. तो सुआलोचा, हे पोरांनाही ठाऊक होते. लोकांनी हात पुसले, कुणी नारळ फोडायला घेतला.

सुआलो उभाच राहिला.

"लोपातीचं घर!" त्याने पुकारले.

नारळ फोडणारा हात वरच राहिला. लाइता त्याच्याकडे बघत होती. हा काय खेळ, असा राग आधी तिच्या तोंडावर आला, आणि मग तिथे नुसताच गोंधळ राहिला.

"काय म्हणालास?"

"लोपातीचं घर," सुआलो साध्या आवाजात म्हणाला. "त्याला फोन लावायचा असेल तर लाव. मी थांबतो."

लाइताने कमरेचा फोन काढला. तिची बोटे तेलकट होती, दोनदा नंबर चुकला. अख्खे मोठे घर, पुढ्यात अन्न असलेली दीडशे माणसे, फोनची घंटी ऐकत बसली. पलीकडून यंत्रांचा खडखडाट आला.

"आई? काय झालं? मी कामावर आहे गं. नंतर बोलू?"

"आत्ताच बोल. सुआलो पुकारतोय."

"काय पुकारतोय?"

"तुझं नाव, मूर्खा! उत्तर दे."

लाइताने फोन दोन्ही हातांनी उंच धरला. सुआलोने तिसऱ्यांदा नाव घेतले. मध्ये इतका वेळ गेला की फोन तुटला असे वाटले. खडखडाट थांबला, त्याने बहुतेक यंत्र बंद केले असावे.

"आहोत," लोपाती म्हणाला.

लाइताने फोन गळ्याशी धरला आणि वाटा उचलायला आली. सुआलोच्या अगदी जवळ वाकली तेव्हा ती हळूच म्हणाली, "इतका उशीर का केलास?"

म्हाताऱ्या कैतूने पंखा खाली ठेवला. "सुआलो, झावळ्या संपल्या. तुझं घर राहिलं."

"माझा वाटा नाही मांडला."

"का?"

खांबाजवळ सेलुता पट्टीचा पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने डोळे मिटले.

"गेलेल्याला वाटा नाही," सुआलो म्हणाला. "बुधवारच्या बोटीनं आम्ही चाललो. लेकीकडे. कायमचे." आणि मग, कुणी विचारले नसताना, तो बोलत राहिला. "पायासाठी नाही. म्हणजे पाय आहेच, पण अर्ज मी त्याच्या आधी भरला. मला जायचं होतं. एक वर्ष झालं, सांगायला तोंड नव्हतं. लाइताच्या पोराला मी जे बोललो, ते इथं सगळ्यांनी ऐकलंय."

बाहेर मैदानावर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. एक लहान मूल भूक लागली म्हणून रडायला लागले आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण शेवटचे घर झाले नव्हते.

"म्हणून दोन डुकरं," लाइता म्हणाली.

सुआलोने मान हलवली.

"वाटप कोण करणार आता?" कैतूने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच काही सुचत नव्हते, आणि सुआलोला ते रागापेक्षा जास्त लागले.

"माझीच चूक आहे," तो म्हणाला. "कुणाला शिकवलं नाही मी."

लाइताने लोपातीचा वाटा आपल्या जागेवर नेऊन ठेवला, माश्या बसू नयेत म्हणून पानाने झाकला. मग ती पोलिसाकडे गेली आणि त्याच्यासमोरची झावळी दोन्ही हातांनी उचलली.

"अगं, राजाचा आहे तो!" सियोसी म्हणाला.

"राजाला पुढच्या वर्षी देऊ. तू आईच्या वाट्यात खा, ती तुला उपाशी नाही ठेवायची."

ती झावळी घेऊन रांगेच्या टोकाला आली आणि तिने ती सुआलोच्या पायाशी, रिकाम्या जागेवर मांडली. मासा सरळ केला, सांडलेली अळकुडी वर ठेवली. मग राजाच्या वाट्याच्या जागी जाऊन उभी राहिली, जिथून नाव पुकारतात तिथे.

"लाइता, नको," सुआलो म्हणाला.

"आज शनिवार आहे. बुधवारचं बुधवारी बघू. सकाळी तुझ्या चुलीचा धूर मी पाहिलाय." तिने घसा साफ केला. निघालेला आवाज बायकी होता, पण हाक तीच होती, लांबवरच्या होडीला मारावी तशी. इतकी वर्षे मागे उभी राहून ती नुसती मोजत नव्हती.

"सुआलोचं घर!"

सुआलोने तोंड उघडले. सव्वीस वर्षे त्याने हा शब्द हजारदा ऐकला होता. स्वतःच्या घराचे उत्तर तो आपणच पुकारून आपणच देऊन टाकायचा, घाईघाईने, दोन्ही एका दमात. कुणी पुकारलेय आणि आपण थांबलोय, असे कधी झाले नव्हते. त्याने सेलुताकडे पाहिले. ती पायाची पट्टी नीट करत होती. हे उत्तर त्याचेच होते.

"सुआलोचं घर!" लाइता पुन्हा म्हणाली.

दीडशे माणसे हात मांडीवर ठेवून बसली होती. मघाचे मूल आईच्या हातामागे हुंदके देत होते.

"आहोत," सुआलो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की तो समुद्रापलीकडून, फोनमधून आल्यासारखा वाटला.

मग लोकांनी जेवायला सुरुवात केली.